रोजची उपकारस्तुती आणि ख्रिस्ती आनंद

देवाने केलेले उपकार आठवून त्याचे आभार मानणे आणि त्याची स्तुती करणे याला मराठी ख्रिस्ती समाज उपकारस्तुती म्हणतो. वाढदिवस, नव्या घरातला प्रवेश, मिळालेली नोकरी, आजारातून उठणे अशा प्रसंगी घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवली जाते. नातलग आणि शेजारी जमतात, गीते होतात, शास्त्रपाठ वाचला जातो. ख्रिस्ती शिकवणीत मात्र उपकारस्तुती अशा प्रसंगांपुरती नाही. ती रोजची आहे, आणि रोज केल्याने माणसाच्या ठायी आनंद रुजतो, अशी ही शिकवण आहे. सर्वांचा अनुभव असा की आधी काही चांगले घडते, मग आनंद होतो आणि त्या भरात आभाराचे शब्द निघतात. ख्रिस्ती परंपरा हा क्रम नाकारत नाही. पण आभार आधी आणि आनंद मागाहून हा क्रमही तितकाच खरा आहे, असे ती सांगते. माणसाच्या हाती आहे तो हाच दुसरा क्रम. आनंद ठरवून आणता येत नाही. आभार ठरवून मानता येतात.

येथे आनंद म्हणजे मनासारखे घडल्याचे सुख नव्हे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने पवित्र आत्म्याच्या फळांची यादी दिली आहे. तीत प्रीतीच्या पाठोपाठ आनंद येतो. फळ ही बनवण्याची वस्तू नाही, ते झाडाला धरते. म्हणून ख्रिस्ती शिकवण आनंदाच्या मागे धावायला सांगत नाही. आनंद ज्या जीवनाला धरतो ते जीवन जोपासायला सांगते. कृतज्ञता हा त्या जोपासनेचा रोजचा भाग आहे.

शास्त्रातील पाया

कृतज्ञता आणि आनंद यांची जोड जुन्या करारापासून आहे. अनुवाद या पुस्तकाच्या २६व्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्यासाठी एक विधी सांगितला आहे. हंगामाचे पहिले पीक टोपलीत घालून त्याने देवासमोर आणायचे. तेथे तो पिकाबद्दल चार शब्द बोलून परतत नाही. पूर्वजांची भटकंती, मिसर देशातली गुलामगिरी, तिच्यातून झालेली सुटका आणि मिळालेली भूमी असा सारा इतिहास तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. हातातली टोपली ही त्या दीर्घ कथेची ताजी घटना ठरते. त्यानंतर आज्ञा येते ती आनंद करण्याची, आणि तो आनंद एकट्याने करायचा नाही. जमीन नसलेला, देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातला लेवी आणि गावात राहणारा परका यांनाही त्यात सामील करायचे आहे. आठवण, आभार आणि वाटून घेतलेला आनंद अशा तीन पायऱ्या या छोट्या विधीत आहेत.

याच पुस्तकाचा आठवा अध्याय उलट धोका दाखवतो. पोट भरले, चांगली घरे झाली, गुरेढोरे आणि सोनेरुपे वाढले, की हे सारे आपल्याच हातांच्या बळावर मिळाले असे माणसाला वाटू लागते आणि देणाऱ्याचा विसर पडतो. म्हणजे कृतज्ञतेची कसोटी टंचाईत लागते तशी सुबत्तेतही लागते. मिसरातून सुटल्यानंतरच्या रानातल्या प्रवासाच्या कथांत कृतज्ञतेचे विरुद्ध टोक दिसते, ते म्हणजे कुरकुर. इस्राएलांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेली भाकर, रोज मिळत होता आणि तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की नासत असे. शब्बाथापुरताच त्याला अपवाद होता. देणगी रोजची आणि विश्वासही रोजचा अशी ती योजना होती. तरीही लोकांना मिसरातली काकडी आणि लसूण आठवत राहिले. गुलामगिरी मात्र आठवेनाशी झाली. कुरकुर ही बऱ्याचदा निवडक स्मृती असते, हे गणना या पुस्तकातला तो प्रसंग फार नेमकेपणाने सांगतो.

रोजच्या वेळा ठरवून आभार मानण्याची रीतही जुनी आहे. मंदिरातल्या लेव्यांनी दररोज सकाळी आणि संध्याकाळी उभे राहून देवाचे उपकार गावेत, असे पहिल्या इतिहासात सांगितले आहे. परदेशात बंदिवान म्हणून नेलेला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना आणि उपकारस्तुती करी. अशा प्रार्थनेला देहदंडाची शिक्षा ठरवणारा हुकूम निघाला, तेव्हाही त्याने आपला नेम सोडला नाही. संकट आल्यावर त्याला कृतज्ञता शोधावी लागली नाही, कारण ती आधीपासून अंगवळणी पडलेली होती.

स्तोत्रसंहितेत या नेमाला शब्द मिळाले. १०३व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाला उद्देशून बोलतो, उपकार विसरू नकोस अशी त्याला ताकीद देतो आणि मग क्षमा, आरोग्य, सुटका, दया असे एकेक उपकार मोजतो. मन आपणहून कृतज्ञ होईल याची वाट तो पाहत नाही. १३६व्या स्तोत्राच्या सव्वीसही ओळींना एकच ध्रुवपद आहे, देवाची दया सनातन असल्याचे. हे स्तोत्र आकाश आणि पृथ्वीच्या निर्मितीपासून सुरू होते, मिसरातून झालेल्या सुटकेपर्यंत येते आणि शेवटाजवळ प्राणिमात्राला मिळणाऱ्या अन्नापाशी पोचते. विश्वाची निर्मिती आणि ताटातली भाकरी एकाच सूत्रात ओवली जातात.

नव्या करारात येशू स्वतः आभार मानताना दिसतो. पाच हजारांना जेवू घालण्यापूर्वी त्याच्या हाती पाच भाकरी आणि दोन मासे आहेत, म्हणजे गरजेच्या मानाने काहीच नाही. तरी तो आधी आभार मानतो. मित्र लाजर याच्या कबरेसमोर, मृत अजून आतच असताना, तो पित्याचे आभार मानतो. ज्या रात्री त्याला धरून दिले जाणार होते त्या रात्री तो भाकर घेतो, आभार मानतो आणि मोडून शिष्यांना देतो. तिन्ही ठिकाणी आभार घटनेच्या आधी येतात.

लूककृत शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायातली दहा कुष्ठरोग्यांची कथा या विषयाचा गाभाच आहे. दहाही जण बरे होतात. एकच परत येतो, आणि तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. येशू त्याला सांगतो की तुझ्या विश्वासाने तुला तारले आहे. आरोग्य सर्वांना मिळाले; देणाऱ्याची भेट मात्र परतणाऱ्यालाच झाली. देणगी घेऊन निघून जाणे आणि देणगी पाहून देणाऱ्याकडे वळणे यांतला फरक एवढ्या थोड्या शब्दांत क्वचितच कुठे मांडला गेला असेल.

पौलाच्या पत्रांनी या साऱ्याला नियमाचे रूप दिले. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र इसवी सन ५०च्या सुमाराचे, त्याच्या उपलब्ध पत्रांपैकी बहुधा सर्वांत जुने. त्याच्या पाचव्या अध्यायात सदैव आनंदित राहणे, निरंतर प्रार्थना करणे आणि प्रत्येक परिस्थितीत उपकार मानणे या तीन आज्ञा एकापाठोपाठ येतात, आणि हीच देवाची इच्छा असल्याचे तो सांगतो. ही मंडळी छळ सोसत होती आणि खुद्द पौलाला ते शहर घाईने सोडावे लागले होते. फिलिप्पैकरांस पत्र तर तुरुंगातून लिहिलेले आहे, आणि तरी आनंदाचा उल्लेख त्यात पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की कशाचीही चिंता न करता आपल्या मागण्या आभारांसह देवाला कळवाव्यात, म्हणजे देवाची शांती अंतःकरणाचे रक्षण करील. थोडे पुढे तो म्हणतो की विपुलता असो वा टंचाई, तृप्त राहण्यास मी शिकलो आहे. तृप्ती ही त्याला उपजत लाभलेली वृत्ती नव्हती. ती शिकून आलेली होती. रोजच्या सरावाच्या कल्पनेला शास्त्रातला सर्वांत भक्कम आधार येथेच सापडतो.

कृतज्ञतेतून आनंद कसा येतो

तेराव्या शतकातील ईश्वरज्ञानी थॉमस अक्विनास याने कृतज्ञतेला न्यायाशी जोडलेला सद्गुण मानले आणि तिच्या तीन पायऱ्या सांगितल्या. मिळालेला उपकार उपकार म्हणून ओळखणे ही पहिली, तो शब्दांत व्यक्त करून आभार मानणे ही दुसरी, आणि आपल्या ऐपतीप्रमाणे योग्य वेळी त्याची फेड करणे ही तिसरी. उपकार ओळखूच न येणे ही त्याच्या मते कृतघ्नतेची सर्वांत वाईट अवस्था. आनंदाशी असलेला संबंध समजून घ्यायला या तीन पायऱ्या उपयोगी पडतात.

पहिली पायरी दृष्टीची आहे. ज्याला माणूस हक्क समजतो ते मिळाल्याने त्याला समाधान होत नाही. न मिळाल्याने राग मात्र येतो. तीच गोष्ट देणगी म्हणून दिसली की तिच्यात आनंदाला जागा होते. श्वास, पाणी, झोप, घरी परतलेले मूल, कुणी दिलेली क्षमा यांतले काहीही आपण कमावलेले नसते. ख्रिस्ती शिकवणीत निर्मिती हीच कृपा आहे: देवाला जगाची गरज नव्हती, तरी त्याने ते प्रीतीने निर्माण केले. म्हणून कृतज्ञ दृष्टी ही मनाची समजूत घालण्याची युक्ती ठरत नाही. वस्तू मुळात जशी आहे तशी पाहणे म्हणजे कृतज्ञता. पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात मानवी अधःपाताचे मूळ सांगताना मूर्तिपूजेच्याही आधी एक गोष्ट नोंदवतो: देवाला ओळखूनही माणसांनी त्याचे आभार मानले नाहीत आणि त्यांची मने अंधारली. लोयोलाचा संत इग्नेशियस १५४२ साली आपला सहकारी सिमाव रोद्रिगेस याला लिहिलेल्या पत्रात कृतघ्नतेला सर्व पापांचे कारण आणि उगम म्हणतो. मनाचा अंधार आभार थांबल्यापासून सुरू होत असेल, तर उजेडाकडे जाणारी वाटही आभारापासूनच निघते.

दुसरी पायरी उच्चाराची आणि म्हणून नात्याची आहे. आभार कुणाला तरी मानायचे असतात. नशीब चांगले म्हणून बरे वाटणे वेगळे आणि पित्याने दिले म्हणून त्याला हाक मारणे वेगळे. देणगी संपते, जुनी होते, हरवतेही, देणारा राहतो. ज्याचा आनंद देणगीत अडकला त्याचा आनंद देणगीबरोबर जातो. ज्याचे आभार देणाऱ्यापर्यंत पोचतात त्याचा आनंद देणाऱ्याच्या सोबतीत टिकतो. ख्रिस्ती आनंद परिस्थितीवर पूर्णपणे अवलंबून का नसतो, याचे उत्तर येथे आहे.

चिंता आणि मत्सर या आनंदाच्या दोन शत्रूंवरही उच्चारलेल्या आभारांचा परिणाम होतो. चिंता उद्याकडे पाहते. आभार काल आणि आज मिळालेले पुढे ठेवून उद्याचा भरवसा देतात. म्हणूनच पौल मागणी करायची ती आभारांसह करायला सांगतो. मत्सर शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहतो. आभार नजर आपल्या ताटाकडे आणि ते वाढणाऱ्याकडे वळवतात. भूतकाळाच्या बाबतीत जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर याचा विचार मोलाचा आहे. हिटलरच्या राजवटीने त्याला एप्रिल १९४३मध्ये अटक केली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथे फाशी दिली. तुरुंगातून लिहिलेल्या एका पत्रात तो ताटातुटीच्या दुःखाविषयी लिहितो की आठवणी जितक्या सुंदर तितका विरह जड; पण कृतज्ञता त्या आठवणींच्या यातनेचे शांत आनंदात रूपांतर करते. गेलेले मग काट्यासारखे सलत राहत नाही; मौल्यवान ठेव म्हणून ते जवळ बाळगता येते.

तिसरी पायरी फेडीची. देवाचे उपकार फेडता येत नाहीत, हे ख्रिस्ती शिकवणीत गृहीतच आहे. म्हणून फेड शेजाऱ्याकडे वळते. तिचा विचार शेवटी येईल.

दिवसाची आणि आठवड्याची घडण

कृतज्ञतेला भावनेच्या भरवशावर न सोडता वेळ आणि रीत ठरवून देणे ही ख्रिस्ती परंपरेची मोठी देणगी आहे. सकाळची प्रार्थना नव्या दिवसाबद्दलच्या स्तुतीने सुरू होते. मठांमधल्या प्रहरांच्या प्रार्थनांत स्तोत्रे वाटून दिलेली असतात, त्यामुळे मन प्रसन्न असो वा नसो, स्तुतीचे शब्द ओठांवर येतातच. शब्द पुढे चालतात आणि मन त्यांच्या मागून येते.

जेवणाआधीची प्रार्थना ही सर्वांत साधी आणि सर्वांत व्यापक रीत आहे. ती येशूच्या यहुदी घरातून आली. तिच्यात क्षणभर थांबणे आहे, भुकेला क्षणभर थोपवणे आहे. हातापर्यंत आलेले अन्न माती, पाऊस, शेतकरी, बाजार आणि स्वयंपाक करणारे हात यांतून आले, हे त्या क्षणी ध्यानात घेता येते. लहान मुलाला प्रार्थनेची पहिली ओळख बहुतेक ख्रिस्ती घरांत याच वेळी होते.

दिवस मावळताना करायच्या आत्मपरीक्षणाला इग्नेशियसने निश्चित आकार दिला. १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात त्याचे पाच टप्पे आहेत. पहिला, मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे. दुसरा, आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागणे. तिसरा, दिवसाच्या प्रत्येक तासातले विचार, शब्द आणि कृती तपासणे. चौथा, क्षमा मागणे. पाचवा, सुधारण्याचा निश्चय करणे. आभार पहिल्या क्रमांकावर ठेवण्यात खोल समज आहे. प्रीती आठवल्याशिवाय स्वतःचे दोष पाहायला बसलेला माणूस निराशेत तरी बुडतो किंवा सबबी तरी सांगतो. आपल्यावर प्रीती केली गेली आहे हे ठाऊक असलेला माणूस दोष न घाबरता पाहू शकतो. ही साधना त्याच्या येशूसंघाच्या पलीकडे जाऊन अनेक पंथांतल्या गृहस्थांनीही उचलली आहे.

आभारांना क्रम असावा, हेही परंपरेने शिकवले. अँग्लिकन मंडळीच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात नॉरिचचा बिशप एडवर्ड रेनॉल्ड्स याने रचलेली सर्वसाधारण उपकारस्तुती समाविष्ट झाली. तीत आधी निर्मितीबद्दल, मग रक्षणाबद्दल आणि जीवनातल्या सर्व आशीर्वादांबद्दल, आणि सर्वांहून अधिक ख्रिस्ताद्वारे झालेल्या तारणाबद्दल आभार आहेत. ही स्तुती ओठांपुरती न राहता आयुष्यातून दिसावी, अशी मागणी तिच्या अखेरीस आहे. या क्रमाचे मोल वाईट दिवशी कळते. त्या दिवशी नव्या आशीर्वादांची यादी रिकामी वाटली, तरी निर्मिती आणि तारण ही दोन कारणे शिल्लक असतात.

आठवड्याचा केंद्रबिंदू म्हणजे प्रभुभोजन किंवा मिस्सा. दुसऱ्या शतकापर्यंत या विधीलाच उपकारस्तुती या अर्थाचे यूखारिस्तिया हे ग्रीक नाव रूढ झाले होते. ‘दिदाखे’ या आरंभकालीन ग्रंथात प्याला आणि भाकर यांवरच्या आभाराच्या प्रार्थना आहेत. ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर १५५च्या सुमारास लिहितो की उपासनेचा प्रमुख दीर्घ आभारप्रार्थना करतो आणि सारे लोक तिला आमेन म्हणतात. येशूच्या मरणाची आठवण करणारा विधी शोकाचा न होता आभाराचा झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. घरातल्या रोजच्या छोट्या आभारांना या सामूहिक आभारातून बळ मिळते.

अलीकडच्या काळात वही ठेवून रोज काही देणग्या लिहून काढण्याची पद्धत लोकप्रिय झाली. कॅनडातील एका शेतकरी कुटुंबातल्या लेखिका अ‍ॅन वोस्कॅम्प यांच्या ‘वन थाउजंड गिफ्ट्स’ या पुस्तकाने हजार देणग्यांच्या यादीची कल्पना इंग्रजी वाचकांत पसरवली. लिहिण्याचा फायदा असा की आभार नेमके होतात. कुटुंबाबद्दल धन्यवाद, हे वाक्य रोज तेच राहते. आज बहिणीने आपणहून फोन केला, हे वाक्य त्या दिवसाचेच असते. नेमकेपणामुळे लक्ष जागे राहते. यादीला प्रार्थनेची जोड मात्र हवी, नाहीतर तिचा हिशोब होतो आणि देणारा बाजूला राहतो.

दुःखाच्या दिवसांत

सर्वांत कठीण प्रश्न येथे उभा राहतो. आजारी, शोकग्रस्त, छळलेल्या माणसाला आभार मानायला सांगणे क्रूरपणाचे नाही का? थेस्सलनीकाकरांस पत्रातली आज्ञा प्रत्येक परिस्थितीत आभार मानण्याची आहे. परिस्थितीबद्दल आभार मानण्याची नाही. एवढे सांगून काही जण थांबतात. पण इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात सर्व गोष्टींबद्दल आभार मानण्याचेही सांगितले आहे. म्हणून उत्तर अधिक खोलात जाऊन द्यावे लागते. वाईट हे वाईटच आहे. देव त्याचा कर्ता नाही आणि ते देणगीही नाही. मात्र कोणतीही परिस्थिती देवाच्या प्रीतीबाहेर नाही, आणि तो वाइटातूनही भले घडवू शकतो, हा रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातला विश्वास आहे. भावांनीच गुलाम म्हणून विकलेला योसेफ त्यांना म्हणतो की तुम्ही माझे वाईट योजले, पण देवाने त्यातून चांगले योजले. भावांचा अपराध तो झाकत नाही, आणि देवाची करणीही नाकारत नाही.

शिवाय शास्त्रात विलापाला मानाचे स्थान आहे. १५० स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक विलापगीते आहेत. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्यात आभाराचे वळण येत नाही. २२वे स्तोत्र देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशापासून मंडळीतल्या स्तुतीपर्यंत जाते, आणि त्याचाच आरंभ येशूने वधस्तंभावर उच्चारला. लाजराच्या कबरेपाशी आभार मानणारा येशू त्याआधी रडला होता. रडणे आणि आभार मानणे एकाच हृदयात मावतात. विलापही देवालाच उद्देशून असतो, म्हणजे नाते तुटलेले नसते. जेथे विलापाला मज्जाव असतो तेथले आभार खोटे होतात.

इतिहासात या शिकवणीची पारख झालेली आहे. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) सॅक्सनीतल्या आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात निर्वासितांची गर्दी झाली होती. १६३७ साली तेथे प्लेग पसरला. पाळक मार्टिन रिंकार्ट याने त्या वर्षी हजारो माणसांचे दफनविधी केले. त्यांत त्याची पत्नीही होती. याच युद्धकाळात त्याने लिहिलेले, भोजनसमयी म्हणायचे आभारगीत ‘नुन डांकेट आले गॉट’ जर्मन ख्रिस्ती जगातले सर्वांत प्रसिद्ध उपकारस्तुतिगीत झाले. कोरी टेन बोम यांच्या ‘द हायडिंग प्लेस’ या १९७१च्या आत्मकथनात राव्हेन्सब्रुक छळछावणीतला प्रसंग आहे. यहुद्यांना लपवल्याबद्दल त्या आणि त्यांची बहीण बेट्सी तेथे कैदेत होत्या. पिसवांनी भरलेल्या बराकीबद्दलही आभार मानावेत, असा बेट्सीचा आग्रह होता. कोरींना ते पटेना. पुढे कळले की पिसवांच्या भीतीनेच पहारेकरी आत येत नव्हते, आणि म्हणून त्यांना तेथे बायबलवाचन करता येत होते. बेट्सी डिसेंबर १९४४मध्ये छावणीतच मरण पावली. पिसवा देणगी नव्हत्या आणि छावणी तर नव्हतीच. पण त्या नरकातही देव उपस्थित आहे, ही बेट्सीची खात्री होती, आणि तिचे आभार त्या खात्रीतून आले होते.

अशी उदाहरणे दुसऱ्याच्या दुःखावर उत्तर म्हणून फेकण्यासाठी नाहीत. दुःखात आभार मानण्याचा निर्णय ज्याचे दुःख त्याचाच असतो. जवळच्या माणसांचे काम रडणाऱ्यांबरोबर रडण्याचे आहे, असे पौलच सांगतो.

विकृत रूपे

कृतज्ञतेची नक्कलही होते. लूककृत शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातला परूशी मंदिरात उभा राहून देवाचे आभारच मानतो: आपण इतरांसारखे, दूर उभ्या जकातदारासारखे पापी नाही म्हणून. तुलनेवर उभे राहिलेले आभार गर्व वाढवतात. आपल्यापेक्षा गरिबाकडे पाहून समाधान मानण्याची सवयही याच जातीची आहे; तिच्यात दुसऱ्याचे दुःख आपल्या समाधानाचे साधन बनते.

दुसरे विकृत रूप सौद्याचे. आभार मानले की देव अधिक देईल, या हिशोबाने केलेली स्तुती ही आगाऊ मागणीच असते. तिसरे रूप अन्याय झाकण्याचे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला किंवा मजुरी बुडालेल्या कामगाराला जे आहे त्यात समाधान मान असे सांगणे ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. मजुरांच्या बुडवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी पोचतो, असे याकोबाच्या पत्रात आहे. देवाच्या देणगीचे मोल ज्याला कळते त्याला ती हिरावून घेतली जाणे सहन होत नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील रूपे

ख्रिस्ती उपकारस्तुतीने या भूमीत स्वतःची रूपे घेतली आहेत. गोव्यात पावसाळ्याच्या उत्तरार्धात कणसांचे फेस्त होते. भाताची पहिली कणसे चर्चमध्ये आशीर्वादित करून घरोघरी नेली जातात. राय गावात हे फेस्त ५ ऑगस्टला असते. मुंबई परिसरातील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरमध्ये आगेरा साजरा करतो. शेती मागे पडून शहर वाढले तरी नव्या पिकाच्या आभारांचा सण टिकून आहे.

मराठी भाषेत या वृत्तीला स्वतःचा सूर रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी दिला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अभंग आणि भजनांच्या वळणाने ख्रिस्ती गीते रचली. ती ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या आयुष्यात कृतज्ञतेचे सेवेत रूपांतर झालेले दिसते. तरुणपणी दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले. पुढे १८९६–९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि स्त्रिया आणून त्यांना आसरा दिला, आणि केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. स्वतःला मिळालेली सुटका दुसऱ्यापर्यंत पोचवणे, हीच त्यांची उपकारस्तुती होती.

मानसशास्त्राचे निरीक्षण आणि श्रद्धेचे म्हणणे

कृतज्ञतेचा अभ्यास मानसशास्त्रानेही केला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी आणि तिसऱ्याने केवळ घटना नोंदवल्या. कृतज्ञतेच्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक चांगले वाटले. नंतरच्या आढाव्यांत असे परिणाम माफक असल्याचे दिसले. श्रद्धेला या निष्कर्षांचे भय नाही आणि त्यांच्यावर तिची भिस्तही नाही. मन हलके होणे हा आभाराचा परिणाम असू शकतो. पण ख्रिस्ती माणूस आभार मानतो तो देव आभाराला पात्र आहे म्हणून. आनंद हे साध्य धरून आभार मानले तर नजर पुन्हा स्वतःकडे वळते. देवाकडे वळलेल्या नजरेला आनंद न मागता लाभतो.

आभारातून सेवेकडे

अक्विनासची तिसरी पायरी, म्हणजे फेड, १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत संपूर्ण ख्रिस्ती आचरणाची चौकट झाली. या प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत: माणसाची दैना, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञा आणि प्रभूची प्रार्थना यांचे विवेचन तिसऱ्या भागात येते, आणि प्रार्थनेला तेथे कृतज्ञतेचा मुख्य भाग म्हटले आहे. सत्कृत्ये तारण मिळवण्यासाठी करायची नसतात; तारण मिळाले म्हणून ती होतात. भीतीने केलेले सत्कर्म आणि आभाराने केलेले सत्कर्म बाहेरून सारखे दिसले, तरी पहिल्यात थकवा असतो आणि दुसऱ्यात आनंद.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना याच गोष्टीचा पुढचा टप्पा सांगतो. उदारपणे दिलेले दान गरज भागवते आणि शिवाय घेणाऱ्यांच्या तोंडून देवाची उपकारस्तुती उपजवते. ज्याने आभार मानले तो देतो, ज्याला मिळाले तो आभार मानतो, आणि आनंद एका घरातून दुसऱ्या घरात जातो. रोजची उपकारस्तुती एकट्याच्या मनःशांतीपाशी थांबली तर ती अर्धीच राहते. सकाळी देवासमोर म्हटलेले आभार दिवसभरात कुणाच्या तरी वाट्याला अन्न, वेळ, क्षमा किंवा धीर होऊन आले, म्हणजे ती पुरी होते. आणि ख्रिस्ती श्रद्धा ज्याला आनंद म्हणते तो या देण्याघेण्यातच माणसाला भेटतो.